एका खाटेभोवती अकरा पोरी

नर्सिंगच्या लाईनीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. कारण अगदी साधं आहे. दवाखान्यात आलेल्या माणसाच्या अंगात खोटं बोलायची ताकद नसते आणि नर्सिंगच्या पोरीच्या अंगात गप्प बसायची! ही दोघं समोरासमोर आली की काहीतरी घडतंच.

मी सुमन गावंडे. यवतमाळच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये सव्वीस वर्षं ट्यूटर होते. आता रिटायर आहे. जुन्या पोरी घरी येतात, कोणी मेट्रन झाली आहे, कोणी आजी. सोफ्यावर टेकायच्या आधीच सुरू, "मॅडम, ते आठवते काय वो?" मग पोह्यांकडे कोणाचं लक्ष राहत नाही.

हे सगळं कापसानं दगा दिलेल्या वर्षांतलं. शेताचा भरवसा उरला नव्हता, म्हणून लोक म्हणायचे, पोरगी नर्स झाली तर निदान तिचं तरी पक्कं. आमचे वर्ग गच्च भरले. वाढल्या नाहीत त्या दवाखान्यातल्या खाटा. नियम असा होता की पोरींनी प्रॅक्टिकल करायचं ते फक्त शाळेला जोडलेल्या मोठ्या दवाखान्यात. तालुक्याच्या दवाखान्यात केलेले तास धरायचेच नाहीत. ठरलेले तास आणि स्वतःच्या हातानं केलेली ठरलेली कामं केसबुकात भरली नाहीत, तर फायनलला बसता येत नव्हतं. शिवाय आणखी दोन शाळांच्या पोरी त्याच दवाखान्यात. सकाळी वॉर्डात पेशंटपेक्षा पांढरे ड्रेस जास्त!

*

आमचे सगळ्यात लाडके पेशंट म्हणजे कळंबकडचे एक बाबाजी. पायाचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून टांगलेला. लाडके अशासाठी की ते पळून जाऊ शकत नव्हते.

एका सकाळी मी अकरा पोरींना घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. प्रत्येकीनं बीपी घ्यायचं, वहीत लिहायचं. पट्टा बांध, फुगव, सोड. पुन्हा बांध, फुगव, सोड. बाबाजी मधेच एकदा म्हणाले, "बाई, हात बदलू काय? हा बिचारा थकला."

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. आले की आवाज चढवूनच यायचे.

"बीपी किती?"

अकरा पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाचं काही, कोणाचं काही. वहीत लिहिताना पुटपुटलेले आकडे आता मोठ्यानं कोणी म्हणेना. मी तोंड उघडणार तर बाबाजीच बोलले.

"सात पोरी एकशेतीस म्हणून राह्यल्या, चार पोरी एकशेचाळीस. बहुमत एकशेतीसले हाय, साहेब!"

*

डिलिव्हरीचं तर विचारूच नका. प्रत्येक पोरीच्या केसबुकात ठरलेल्या डिलिव्हऱ्या हव्यात, आणि लेबर रूममध्ये तीन शाळांच्या पोरींची रांग. आमची रंजना स्वभावानं फार काळजीवाली. तिचं रात्रंदिवस एकच, माझ्या पूर्ण नाही झाल्या तर काय.

सुट्टीत ती घरी दारव्ह्याला गेली होती. बाजाराचा दिवस. जीपच्या स्टँडवर तिला पोटुशी बाई दिसली. ही धावत तिच्यामागे.

"काकू, कितवा महिना वो? यवतमाळलेच या ना डिलिव्हरीले!"

बाईबरोबर तिची सासू होती. तिनं रंजनाला वरून खाली पाहिलं. "आमची सून कुठीही जाईन. तुले काय करा लागते?"

रंजना रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, मले पाच डिलिव्हऱ्या कमी पडून राह्यल्या!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि सुनेला म्हणाल्या, "चाल वो. लग्नाच्या आधीच पाच म्हणते हे!"

*

आमच्या प्रिन्सिपल भोयर मॅडम. उंचीनं पाच फूटही नसतील, पण त्या कॉरिडॉरमध्ये आल्या की स्ट्रेचरसुद्धा बाजूला सरकायचं. त्यांनी या प्रश्नावर पत्रं लिहून लिहून टायपिस्टला चष्मा लावला होता. उत्तर एकच, 'नियमात तरतूद नाही.'

एप्रिलच्या उन्हात आमच्या भागातले एक आमदार दौऱ्यात चक्कर येऊन पडले. आले आमच्याच दवाखान्यात. सलाइन लागलं, तासाभरात उठून बसले. बाहेर कार्यकर्त्यांची गर्दी.

भोयर मॅडम मला म्हणाल्या, "सुमन, सेकंड इयरची पूर्ण बॅच आण."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी पोरींना घेऊन गेले. स्पेशल रूमच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली. मॅडम आत जाऊन अगदी नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, या विद्यार्थिनींना तुमची नाडी मोजायची आहे. पूर्ण एक मिनिट. तुमची परवानगी असेल तर."

आमदार खूश झाले. हात पुढे केला. पहिलीला नाव विचारलं, दुसरीला गाव विचारलं, तिसरीला आशीर्वाद दिला. आठवीला नुसते हसले. चौदाव्या पोरीनं मनगट धरलं तेव्हा दाराकडे बघत म्हणाले, "मॅडम, अजून किती हायेत?"

"एकवीस, साहेब."

"काहून? ह्या पोरीइले दुसरे दवाखाने नाही काय?"

मॅडम बहुतेक याच वाक्याची सहा वर्षं वाट पाहत होत्या. म्हणाल्या, "आहेत ना साहेब! दारव्ह्याला आहे, कळंबला आहे, पांढरकवड्याला आहे. पेशंट आहेत, खाटा आहेत. कायदा नाही."

आमदारांनी हात मागे घेतला. मग पंधरावीला म्हणाले, "थांब बेटा जरा. कागद आणा कोणी."

*

आमदारांनी शब्द पाळला. नागपूरच्या अधिवेशनात ते प्रश्न मांडणार म्हणून भोयर मॅडमना आणि मला प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले. आम्ही इस्त्रीच्या साड्या नेसून पहिल्या रांगेत.

अडचण शब्दाची झाली. 'क्लिनिकल प्लेसमेंट'ला मराठीत काय म्हणायचं? कोणीतरी सरकारी भाषांतर करून दिलं होतं, 'रुग्णशय्यानिकट प्रशिक्षणस्थापना'. होस्टेलच्या पोरींना मी ते वाचून दाखवलं तर कविता राठोड म्हणाली, "मॅडम, हे लागट दुखणं हाय काय?"

आमदार उभे राहिले. कागद डोळ्यांसमोर धरला. "अध्यक्ष महोदय, रुग्ण... रुग्णश... रुग्णशय..." दोनदा अडखळले, पाणी प्यायले, आणि कागद खाली ठेवून मोठ्यांदा म्हणाले, "अध्यक्ष महोदय, आमच्या यवतमाळच्या नर्सिंगच्या पोरीइले पलंग कमी पडून राह्यले! एका पलंगावर अकरा-अकरा पोरी!"

सभागृहात एकच गोंधळ. "शरम! शरम!" विरोधी बाकांवरचे उभे, सत्तेतलेही उभे. मंत्रिमहोदय तर हेलावूनच गेले. म्हणाले, "एका पलंगावर अकरा मुली झोपतात ही बाब अत्यंत गंभीर आहे. होस्टेलला तातडीने पलंग देण्यात येतील!"

भोयर मॅडम ताडकन उभ्या. "अहो, नाही! तसं नाही हो!"

मागून गार्ड म्हणाला, "बाई, खाली बसा. गॅलरीत बोलता येत नाही."

आमदार समाधानानं खाली बसले.

त्या वर्षी कायदा झाला नाही. पण महिन्याभरात होस्टेलसमोर ट्रक उभा राहिला. चाळीस पलंग, नवे कोरे, गाद्यांसकट!

*

पुढच्या वर्षी मॅडमनी धोका पत्करला नाही. आमदारांना अधिवेशनाआधी शाळेत बोलावलं, डेमो रूममध्ये स्टुलावर बसवलं आणि पोरींची घ्यावी तशी त्यांची व्हायवा घेतली.

"खाट म्हणायचं नाही. पलंग म्हणायचं नाही. काय म्हणायचं?"

"शिकाले पेशंट पाह्यजे म्हणतो."

"कुठले?"

"गावातल्या दवाखान्यातले. तालुक्याच्या, आरोग्य केंद्राच्या, उपकेंद्राच्या. अन् ते तास धरले पाह्यजे."

"पुन्हा म्हणा."

पाच वेळा म्हणायला लावलं. जाताना आमदार माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीइची मले कीव येऊन राह्यली."

अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्यात शाळेत फोन वाजला. मॅडमनी उचलला. पलीकडून आमदार ओरडून सांगत होते, तेही आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतक्या जोरात, "मॅडम, पास झालो!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आवाज मात्र नेहमीसारखाच कडक. "तुम्ही की कायदा?"

"दोघंही!"

*

कायदा नागपूरहून यवतमाळला एका दिवसात आला. यवतमाळहून खाली गावात पोहोचायला त्याला सहा महिने लागले.

आमची पहिली तुकडी केळापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात गेली. दहा पोरी आणि मी. तिथले डॉक्टर तरुण, नुकतेच आलेले. त्यांनी आमचं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, माझ्याकडे सहा खाटा. दहा मुली मी ठेवू कुठे? तुम्ही पुढच्या महिन्यात या."

आमची तोंडं उतरली. पोरींनी ट्रंकासुद्धा आणल्या होत्या.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "सर, जागा नसन तर मी बाहेर बसते. पन पोरीइले ठेवा."

त्या निर्मला सिस्टर. त्या केंद्रात एकोणीस वर्षं होत्या, बहुतेक काळ एकट्याच. डिलिव्हरी त्यांचीच, लसीचा फ्रीज त्यांचाच, रजिस्टरं त्यांचीच. कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, पायी जायच्या, आणि कोलामी अशी बोलायच्या की आजूबाजूचे म्हणायचे, ही बाई इथलीच. डॉक्टरांनी पत्रावर सही केली. त्यांच्यापेक्षा सिस्टरची नोकरी पंधरा वर्षांनी जुनी होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरींना कामं वाटून दिली. दोघी ड्रेसिंगला, दोघी लसीकरणाला, दोघी गरोदर बायकांच्या तपासणीला, बाकीच्या रजिस्टरांवर. सगळं धडाधड चाललं. अकराच्या सुमारास एका पोरीला कुठल्या तरी कपाटाची किल्ली हवी होती आणि निर्मला सिस्टर कुठेच दिसेनात. लेबर रूममध्ये नाहीत, स्टोअरमध्ये नाहीत. मी घाबरले. बाई एवढी कामाची, न सांगता जाणार नाही.

मागच्या अंगणात सापडल्या. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून एकट्या बसल्या होत्या. डोळे मिटलेले, दोन्ही हातांत कप धरलेला.

"सिस्टर, बरं वाटत नाही का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत पयल्यांदा गरम चहा पिऊन राह्यली मॅडम. बोलू नका, थंडा होईन."

*

कविता राठोड दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावरची. नशीब असं की तिची उपकेंद्राची पोस्टिंग लागली ती तिच्याच तांड्याजवळ. तिनं माझे पाय धरले. "मॅडम, दुसरीकडे कुठीही पाठवा. तिथं मले सारे कवी म्हणून हाक मारतात. माहं कोण ऐकन?"

मी म्हटलं, "कायद्यात तशी सूट नाही."

चौथ्या दिवशी उपकेंद्रावर पहिला पेशंट कोण? तिची आई! शेतात पायात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, धसकट घुसलेलं. जखम धुवायची होती आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. कवितानं ट्रे उचलला तशी याडी (तांड्यावर आईला याडीच म्हणतात) खुर्चीतून उठली. दोघींचं आधी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत जोरजोरात झालं, मग मला कळावं म्हणून याडी मराठीत आली.

"मॅडम, हे नको. दुसरी पोरगी द्या. हे घरी भाकर जाळते, सुई काय टोचीन!"

बाहेर बाकावर बसलेल्या तांड्यावरच्या बाया फिदीफिदी हसल्या. कविताचे कान लाल. मी बघत होते, आता ही रडते की ट्रे ठेवून जाते. तिनं दोन्ही केलं नाही. खुर्ची सरळ केली आणि वॉर्डात बोलतो तशा आवाजात म्हणाली, "बसा. पाय वर घ्या. दुखलं तर सांगा."

याडी बसली. मला वाटतं, तिलाही कळलं नाही आपण का बसलो ते. कवितानं जखम धुतली, आतलं कुसळ चिमट्यानं काढलं, पट्टी बांधली. मग दंडाला स्पिरिट लावलं. याडीनं डोळे घट्ट मिटले, तोंडानं देवाचं नाव सुरू. बराच वेळ झाला.

"टोच ना वो! किती वाट पाह्यते?"

"झालं," कविता म्हणाली. "कापूस दाबून धरा."

याडीनं एक डोळा उघडला. दंडाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. आणि लंगडत निघून गेली.

संध्याकाळी कवितानं मला घरी जेवायला नेलं. तिची आपली रोजची सवय, आत गेल्याबरोबर पदर खोचला आणि चुलीपाशी गेली. याडीनं तिच्या हातातून परात काढून घेतली.

"तुमी तिकडं बसा सिस्टर," याडी म्हणाली. "भाकरी टाकाले मी हावो."

*

फवारणीचे दिवस म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात सगळ्यांची परीक्षा. कापसावर फवारलेलं औषध उलटून अंगावर येतं, माणसं घेरी येऊन पडतात.

आमची यास्मिन दारव्ह्याच्या मिस्त्रींची पोरगी. अब्बांचं ट्रॅक्टर-मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, आणि ही लहानपणापासून तिथंच पाने-स्क्रू देत मोठी झालेली. थिअरीत बेताची. मी तिच्या पेपरावर लाल शाई किती वेळा सांडली असेल, सांगता येत नाही. पण कान! तिच्या अब्बांना म्हणे इंजिन ऐकून बिघाड कळायचा.

दुपारी एका माणसाला दोघांनी खांद्यावर टाकून आणलं. कपडे ओले, घाम, लाळ गळतेय, बोलणं अडखळतंय. दारातला अटेंडंट म्हणाला, "पिऊन आला. बाकावर टाका, उतरन."

यास्मिननं त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तिचा चेहरा बदलला. ती धावत ओपीडीत गेली. डॉक्टरांसमोर तीस-चाळीस लोक. घाईत तिला एकही इंग्रजी शब्द आठवेना.

"सर, जल्दी चलो! कार्बोरेटर में पानी है!"

डॉक्टर एक क्षण थांबले. पुढच्या क्षणी ते धावत होते. फवाऱ्याचं विष अंगात भिनलं होतं, फुप्फुसात पाणी साचायला लागलं होतं. इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली. त्याचे कपडे काढले, अंग साबणानं धुतलं. संध्याकाळपर्यंत यास्मिन त्याच्या उशाशी बसून दर दहा मिनिटांनी छाती ऐकत होती.

दिवेलागणीला डॉक्टर आले. विचारलं, "काय म्हणते छाती?"

यास्मिननं नळ्या कानातून काढल्या. "सर, अब साफ चल रहा है."

आठवड्यानं तो माणूस पायी घरी गेला. आणि डॉक्टर? ते त्यानंतर नव्या पोरींना शिकवताना ओला आवाज कसा ओळखायचा, हे कार्बोरेटरवरूनच सांगायचे!

*

आणि आता तो किस्सा. पोरी जमल्या की हा शेवटी ठेवतात, म्हणून मीही ठेवला.

कापूस विकायला सरकारी संकलन केंद्रापुढे गाड्यांची रांग लागायची. एक दिवस, दोन दिवस, कधी चार दिवस. माणसं गाडीखालीच जेवायची, झोपायची. आमची तुकडी ज्या दवाखान्यात होती तिथून ते केंद्र कोसभरावर.

एका दुपारी एक जण मोटारसायकलवर आला. "सिस्टर, चला! गाडीवर बाई अडली!"

गजानन नावाचा शेतकरी रांगेत होता. त्याची बायको ज्योती नवव्या महिन्यात, सासूबरोबर त्याला डबा द्यायला आली आणि तिथंच कळा सुरू झाल्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, बैल सोडलेले. त्यांची गाडी निघायला जागाच नव्हती. दवाखान्याची अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन यवतमाळला गेलेली. ड्युटीवरच्या सिस्टरला वॉर्ड सोडता येईना. मी डिलिव्हरीचा किट उचलला, यास्मिनला घेतलं, आणि आम्ही दोघी त्याच मोटारसायकलवर मागे बसलो.

ज्योती कापसावर आडवी होती. वरच, पांढऱ्याशुभ्र ढिगावर, खाली फक्त घोंगडी. खाली उतरवायची वेळ निघून गेली होती. यास्मिन चाकावर पाय देऊन सरसर चढली. माझे गुडघे आणि ते चाक यांचं काही जमेना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा घसरले. वरून यास्मिन म्हणाली, "मॅडम, सिर दिख रहा है!"

तिनं तोपर्यंत स्वतःच्या हातानं एकही डिलिव्हरी केली नव्हती. बघितल्या होत्या, मदत केली होती. मी चाकाच्या आऱ्याला धरून म्हटलं, "यास्मिन, हात धुतले? हातमोजे घातले? मग आता तू कर. मी इथून सांगते."

रांगेतल्या माणसांनी काय केलं माहीत आहे? कोणी सांगावं लागलं नाही. गाडीभोवती गोल करून पाठमोरे उभे राहिले. कोणाच्या हातात धोतराचं टोक, कोणाच्या हातात गोणपाट, ज्योतीच्या सासूनं वरून लुगडं धरलेलं. मी खालून बोलत होते आणि वरून यास्मिनचा एकच शब्द, "जी मॅडम. जी मॅडम."

बाळ आलं. पोरगी. पण रडेना.

एवढ्या गाड्या, एवढी माणसं, आणि बैलाच्या घंटीचाही आवाज नाही. मी म्हटलं, "तोंड साफ कर. पाठ चोळ. घाबरू नको." वरून फक्त पाठ चोळल्याचा आवाज. गजानन माझ्या शेजारी पाठमोरा उभा होता, त्याची मान खाली.

आणि मग ती रडली! असा गळा काढला की रांगेच्या टोकापर्यंत पोहोचला. पाठमोऱ्या माणसांनी टोप्या उडवल्या. गजानन मात्र वळलाच नाही. तिथंच जमिनीवर बसला.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. मालाची प्रत ठरवणारे ग्रेडरही तेच. भयंकर कडक माणूस. कापूस मुठीत धरायचे, चिमटीनं ओढायचे, आणि तोंड वाकडं करायचे. त्या हंगामात त्यांनी कोणाच्याही मालाला सगळ्यात वरची 'सुपर' ग्रेड दिली नव्हती. "रांग काहून हलत नाही?" म्हणत आले आणि गाडीवरचं बघून थांबले. मग त्यांनीच ओरडून गाड्या बाजूला करायला लावल्या. बैल जुंपायला वेळ नव्हता, माणसांनी हातांनी लोटल्या. मायलेकी सुखरूप दवाखान्यात पोहोचल्या.

महिन्यानं यास्मिनचं केसबुक परीक्षा विभागातून परत आलं. एका नोंदीवर लाल रेघ. 'ठिकाण: बैलगाडी. मान्य यादीत नाही. नोंद रद्द.'

तिच्या बाकीच्या डिलिव्हऱ्या नंतर पूर्ण झाल्या होत्या, परीक्षा काही अडणार नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती शांत पोरगी, पहिल्यांदाच माझ्यासमोर आवाज चढवून बोलली. "मॅडम, ये मेरी पहली है. बाकी सब इसके बाद. इसको कैसे काट सकते?"

भोयर मॅडमनी कायद्याची प्रत काढली. पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचत गेल्या. एका कलमापाशी थांबल्या. त्यात दवाखान्यांची नावं देऊन शेवटी लिहिलं होतं, 'अथवा शासनमान्य अन्य केंद्र'. मॅडमनी नवा फॉर्म घेतला, बैलगाडी हा शब्द गाळला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ठिकाण: शासकीय कापूस संकलन केंद्र'.

"आता खाली केंद्रप्रमुखांची सही, शिक्का आणि शेरा हवा," त्या म्हणाल्या. "जा."

मी आणि यास्मिन गेलो. ग्रेडरसाहेब टेबलाशी बसले होते, समोर कापसाचे नमुने. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. आम्हाला वाटलं, गेलं.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगली आहे साहेब. वजन वाढलं," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. शिक्क्यावर फुंकर मारून तो ठोकला. मग शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. त्यांनी यास्मिनकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं, फॉर्म घडी करून तिच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर येऊन आम्ही घडी उघडली. परीक्षा विभागानं नंतर तो फॉर्म एक शब्दही न विचारता मंजूर केला. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'माल स्वच्छ. ग्रेड सुपर.'